पुणे ते कन्याकुमारी गाडीने : प्रवासवर्णन नव्हे, वाटेतल्या नोंदी

माणदेशी_चाक (धागाकर्ता)

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून कन्याकुमारीला गाडीने जाऊन आलो. आई, बायको, सातवीतला मुलगा आणि मी. जाताना साधारण पंधराशे किलोमीटर, तीन दिवस. पहिला मुक्काम चित्रदुर्ग, दुसरा मदुराई. देवळांचे आणि सूर्योदयाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, ते टाकत नाही. इथे फक्त रस्ता.

चारपदरी महामार्ग सगळीकडे एकच असतो, हे आधी कबूल करतो. दुभाजकात कण्हेर, डोक्यावर हिरव्या पाट्या, थोड्या थोड्या वेळाने टोलनाका. झोपेतून उठवून विचारलं तर कऱ्हाड की करूर, सांगता यायचं नाही. (कण्हेरच का? गुरं तोंड लावत नाहीत, फार पाणी मागत नाही आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे अडवते.) म्हणून या वेळी कडेला काय दिसतं आणि रस्त्यावरून कोण चाललंय, तेवढंच बघायचं ठरवलं. बायको म्हणाली, "तू समोर बघ, कडेचं मी सांगते." तेव्हा खालच्या निम्म्या नोंदी तिच्या.

पहाटे चारला निघालो. खंबाटकीला जाताना घाट चढायचा आणि बोगदा परतीच्या वाट्याला, हे पुणेकरांना सांगायला नको. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाचं काम. डायव्हर्जन, सेवा रस्ता, परत महामार्ग, परत डायव्हर्जन. त्यात गळीत हंगाम. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, पुढे डेकवर गाणी आणि मागे साधा लाल दिवा नाही. एकाने ट्रॉलीच्या मागच्या उसाला खताची रिकामी पांढरी गोणी बांधली होती. ती गोणी दिसली म्हणून ब्रेक वेळेवर लागला. बाकीच्यांनी निदान गोणी तरी बांधावी.

कागल सुटलं की पेट्रोल पंपांवर मराठीतून फलक: महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. पाट्या कन्नड होतात, पण चहावाला अजून "साखर कमी का?" असंच विचारतो. किती वेळ चालतं हे बघत होतो. धारवाडच्या अलीकडे एका टपरीवर शेवटचं मराठी ऐकलं, त्यापुढे थेट चार दिवसांनी परतीच्या वाटेवर.

आईची नोंद वेगळीच. ती नदी आली की हात जोडते. नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा. निम्मा दिवस तिचे हात जोडलेलेच. हरिहरला तुंगभद्रा ओलांडली आणि मग नदीच संपली. चित्रदुर्ग, हिरियूर, शिरा हा सगळा पट्टा बाभळी, खडकाळ टेकड्या आणि मेंढरं. आई म्हणाली, "हे तर आपलं दहिवडी." पुढे एक लांबलचक पूल आला, खाली नुसती वाळू. "याला जोडू का नको?" मी म्हटलं, जोड, पावसाळ्यात येत असेल.

मुलाने वही केली होती. कुठल्या राज्याच्या नंबरप्लेटा किती. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू हे अपेक्षित. पण चौथा नंबर लागला नागालँडचा! ट्रक, टँकर, ट्रेलर, सगळीकडे एनएल ०१. "बाबा, नागालँडचे लोक एवढे ट्रक घेऊन इथे का येतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे कुणाकडे असेल तर सांगा.

बंगळूरूबद्दल काही लिहित नाही. नाईस रोडने बाहेरून गेलो तरी तीन तास मोडले.

होसूरच्या पुढे एक गंमत बघितली. बसच्या उघड्या चासींची रांग. ना काचा, ना पत्रा, ना छप्पर. चार चाकांवर इंजिन आणि त्यामागे फळीवर बसलेला माणूस, डोक्याला मफलर, डोळ्यांना गॉगल, अंगावर घोंगडीसारखं काहीतरी. ऐंशीच्या वेगाने. एकामागे एक सात. मुलगा म्हणाला, बसचे सांगाडे चाललेत. धर्मपुरी ते सेलमच्या मधला तोप्पूरचा घाटही या सांगाड्यांच्या मागेमागेच उतरलो. तो उतार अपघातांसाठी बदनाम आहे. न्यूट्रल टाकून गाडी सोडू नका, अशा अर्थाच्या पाट्या आहेत आणि तरी ट्रक तसेच सोडतात, वासावरून कळतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

मी माण तालुक्यातला. २००३ च्या दुष्काळात आमच्या रानात बोअर मारली. मी तेव्हा बारा वर्षांचा. रात्री अकराला गाड्या आल्या, नेहमी दोन येतात: एकीवर आडवा झोपवलेला मनोरा, दुसरीवर कॉम्प्रेसर आणि रॉड. नंबर टीएन ३४. दारावर रंगवलेलं इंग्रजी नाव मी कंदिलाच्या उजेडात अक्षर अक्षर लावून वाचलं होतं: तिरुचेंगोडे. तो देश कुठला ते गुरुजींनाही सांगता आलं नव्हतं. गावात पुढे जेवढ्या गाड्या आल्या त्यातल्या बहुतेकांवर हेच नाव. आम्ही पोरं तर बोअरच्या गाडीलाच 'तिरुचंगोडी' म्हणायचो.

नामक्कलच्या बायपासला हिरव्या पाटीवर ते नाव दिसलं. तिरुचेंगोडे, उजवीकडे बाण. गाडी बाजूला घेतली. तिथे चहाची टपरी होती आणि टपरीमागे मोकळ्या जागेत बोअरच्या गाड्या ओळीने उभ्या, मनोरे आडवे. पांढरी वेष्टी नेसलेला साठीचा एक माणूस आमची एमएच १२ प्लेट बघून जवळ आला. हिंदी त्याला मोजून दहा शब्द, इंग्रजी पाच. मी 'पुणे' म्हटलं, त्याने मान हलवली. मुंबईला पण तेवढीच. मग मी म्हटलं, दहिवडी. माणूस एकदम फुलला! बोटं मोडत म्हणायला लागला: दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा. एसटीच्या कंडक्टरसारखी. त्याच्या महाराष्ट्रात पुणं-मुंबई नव्हतंच, फक्त जिथे पाणी नाही ती गावं होती.

पुढचं थोडक्यात. परमती वेलूरच्या पुढे कावेरी भरून वाहत होती, आईने गाडी थांबवायला लावली. करूर, दिंडिगल, मदुराई. तमिळनाडूत पोलिसांची बॅरिकेडं भर महामार्गात नागमोडी लावलेली असतात, रात्री सांभाळा. तिरुनेलवेलीनंतर आरल्वायमोळीच्या खिंडीत शेकडो पवनचक्क्या, सगळ्या गप्प उभ्या. कन्याकुमारीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं.

कोल्हापुरी_रस्सा

मस्त लिहिलंय राव. गोणीचं वाचून हसलो आणि घाबरलो पण. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की संध्याकाळी सातनंतर मी महामार्गाला जातच नाही. रिफ्लेक्टर लावायची मोहीम दरवर्षी होते, पेपरात फोटो येतो, आठ दिवसांत ते चिखलाने झाकून जातात.

एक भर. शिरोलीच्या पुलापाशी पंचगंगेला तुमच्या आईंनी हात जोडले ते बरं केलं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला तिने हा महामार्गच बंद पाडला होता. २०१९ ला ट्रकांच्या रांगा कित्येक किलोमीटर, आसपासच्या गावांनी ड्रायव्हरांना भाकऱ्या नेऊन दिल्या. आमच्या तालमीनेही दिल्या. त्यात तमिळनाडूचे खूप होते. भाकरी बघून गोंधळायचे, पिठल्यावर मात्र तुटून पडायचे.

आकडेमोड्या

अवांतर, पण कुणी विचारण्याआधी: पुण्यापासून बंगळूरूपर्यंतचा पूर्वीचा एनएच ४ तो आताचा ४८, आणि बंगळूरूपासून कन्याकुमारीपर्यंतचा जुना ७ तो आताचा ४४. बंगळूरूहून होसूरमार्गे कृष्णगिरीपर्यंत दोघे एकत्र जातात, तिथून ४८ चेन्नईला वळतो. नवे क्रमांक २०१० चे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. म्हणजे ४८ हा बहुतांशी ४४ च्या पश्चिमेला आहे, हे नकाशा न बघता कळतं.

मुलाला मैलाच्या दगडांचाही खेळ द्या. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, केशरी ग्रामसडक.

माणदेशी_चाक

@कोल्हापुरी_रस्सा, भाकरीचं भारी. @आकडेमोड्या, दगडांचा खेळ परतीला खेळलो. आईच जिंकली, तिला जवळचा चष्मा लागतो, लांबचा नाही.

हुबळीची_लेक

माहेर हुबळी, त्यामुळे राहवत नाही. धारवाडनंतर मराठी संपतं हे अर्धं खरं. महामार्गावर संपतं. हुबळीच्या जुन्या पेठेत शिरला असता तर कापडाच्या दुकानात तुम्हाला "काय दाखवू?" ऐकू आलं असतं. पण तुम्ही बायपासने गेलात. आणि त्या बायपासबद्दल बोलायचं तर, दोन्हीकडून चारपदरी येऊन मध्येच दोनपदरी व्हायचा हा तुकडा कितीतरी वर्षं तसाच होता. आमच्या ओळखीत त्या रस्त्याने माणसं गेली आहेत. हुबळीला कुणी रात्री यायचं असेल तर माझे बाबा सांगायचे, बेळगावला झोप आणि सकाळी ये.

दावणगेरेचा लोणी डोसा न खाता गेलात? लिहिलं नाहीत म्हणजे नाहीच खाल्ला. निषेध.

माणदेशी_चाक

खाल्ला हो, दोन खाल्ले! लिहिलं असतं तर प्रतिसाद सगळे डोशावरच आले असते.

संपादक

बेळगाव आणि सीमाप्रश्नावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी आधीचे धागे आहेत, तिथे भांडा.

जुनी_बखर

दावणगेरेपर्यंत गेलाच होता तर चन्नगिरी तालुक्यातलं होदिगेरे राहिलं. शहाजीराजांची समाधी तिथे आहे. १६६४ साली शिकारीत घोडा अडखळून पडले आणि तिथेच गेले. मी सहा वर्षांपूर्वी गेलो होतो. साधं दगडी बांधकाम, भोवती कुंपण, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. आजूबाजूला सुपारीच्या बागा. आम्ही चौघंच होतो. कुलूप उघडणाऱ्या माणसाने "महाराष्ट्रा?" एवढंच विचारलं आणि नारळ फोडायला जागा दाखवली.

बंगळूरूची जहागीरही शहाजीराजांकडे होती. म्हणजे पुणे-बंगळूरू ही ये-जा आयटीवाल्यांनी सुरू केलेली नाही.

ट्रकवाल्याचा_पोरगा

नागालँडचं उत्तर माझ्याकडे आहे. त्यातल्या कित्येक गाड्यांनी नागालँड बघितलेलंही नसतं. मालक नामक्कलचा, कळंबोलीचा किंवा हरियाणाचा. तिकडे नोंदणी आणि कर स्वस्त पडतो, कागदं लवकर होतात, आणि नॅशनल परमिट असलं की गाडी देशभर चालते. खासगी स्लीपर बसवर अरुणाचलची प्लेट दिसते तेही याच हिशोबात.

आता तुमचे सांगाडे. होसूरला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि करूरला बसच्या बॉड्या बांधतात. रस्ता हाच. नामक्कलला ट्रकच्या बॉड्या. आता बरेच ट्रक केबिनसकट निघतात, बसची चासी मात्र अजून उघडी येते. माझ्या वडिलांनी चार वर्षं चासी पोचवल्या. गाडी पोचवायची आणि बसने किंवा मिळेल त्या ट्रकने परत यायचं, पुढची चासी उचलायला. त्यांची बसायची लाकडी पेटी स्वतःची असायची. आत एक जोडी कपडे, पाना, डबा. गाडी दिली की पेटी खांद्यावर. पावसात अंगावर खताच्या प्लास्टिकची खोळ. डिसेंबरच्या पहाटे छातीला वारा लागू नये म्हणून शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालायचे, आणि ते कुठल्या भाषेतलं आहे त्यावरून आई ओळखायची की बाबा कुठून आले. घरी तमिळ, तेलुगू, गुजराती सगळे पेपर जमायचे. वाचता एकही यायचा नाही.

ऐंशीचा वेग म्हणालात ते खटकलं. ते लोक एवढं पळवत नाहीत. तुमचा काटा बघा.

माणदेशी_चाक

मान्य. मी ऐंशीला होतो आणि ते मागे पडत होते, म्हणजे साठ असतील. वर्तमानपत्राचं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. नागालँडचं उत्तर मुलाने वहीत उतरवलंय, पण त्याचं म्हणणं, आता तो कॉलमच खोटा झाला.

भूजल_वाला

आईंच्या नदीच्या हिशोबात थोडी दुरुस्ती, म्हणजे खरं तर कौतुक. पुण्याची मुळा-मुठा भीमेला जाते, भीमा कृष्णेला. नीराही भीमेलाच. पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा, सगळ्या कृष्णेच्या. हिरियूरजवळची कोरडी नदी वेदावती असणार, तीही पुढे तुंगभद्रेला मिळते. म्हणजे घरापासून हिरियूरपर्यंत आईंनी नावं वेगवेगळी घेऊन एकाच नदीला हात जोडले. कावेरी ही खरी दुसरी.

बोअरबद्दल. आपल्याकडे काळा पाषाण, लाव्ह्याचे थर एकावर एक. पाणी असतं ते दोन थरांच्या मधे किंवा भेगांमधे. भेग सापडली तर दीडशे फुटांवर लागतं, नाही तर पाचशे फुटांपर्यंत नुसता करडा भुगा. शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेल असं काही नसतं. तिरुचेंगोडेचा भाग ग्रॅनाइटच्या जातीचा, तोही कठीण आणि कोरडवाहू. तिथल्या लोकांनी आधी स्वतःसाठी खडक फोडला, मग तोच धंदा झाला, आणि गाड्या देशभर जायला लागल्या. अलीकडे गाडीमालक तिथला असतो, रॉड जोडणारी पोरं छत्तीसगड-झारखंडची.

पाणाड्याने हातात नारळ धरून दाखवलेल्या जागेवरच बोअर मारली असणार, बरोबर?

माणदेशी_चाक

कडुलिंबाची फांदी. नारळवाला जास्त घ्यायचा.

नवा_परवाना

आम्ही मे महिन्यात जायचं म्हणतोय. टोलचा वार्षिक पास घ्यावा का? रात्री चालवावी का? आणि बायका-मुलांसाठी स्वच्छतागृहांचं काय?

माणदेशी_चाक

पास घ्या. ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका म्हणजे एक फेरी, आणि या रस्त्याला एका बाजूला पंचविसेक नाके लागतात. एका फेरफटक्यात पैसे वसूल. फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, नाईस रोडला वेगळे पैसे. एका नाक्यावर पास असूनही पैसे कापले गेले. तक्रार केली, बारा दिवसांनी परत आले. मेसेज बघत राहा.

रात्री नको. कारण वर आलंय, गोणी. रस्त्यात अडचण आली तर १०३३ ला फोन करा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायको देते म्हणतेय, तिचाही आयडी आहे.

कडेची_नोंद

मीच ती कडेचं सांगणारी. टोलनाक्यावरची स्वच्छतागृहं: पाटी सगळीकडे, कुलूप निम्म्या ठिकाणी. किल्ली केबिनमधे असते, मागितली की देतात, पण रांगेत उभ्या ट्रकांसमोरून चालत जाऊन मागायला लागते. पंपांवर माझा नियम एकच. पंपावर बाई कामाला असेल तिथे थांबायचं. जिथे बाई काम करते तिथलं स्वच्छतागृह चालू असतं. तमिळनाडूत असे पंप बरेच दिसले, आपल्याकडे सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कमी.

सासूबाईंना दर दोन तासांनी गरम पाणी लागतं. 'सुडु तण्णी' हे दोन शब्द पाठ करा. सगळीकडे मिळालं आणि कुणीही पैसे घेतले नाहीत.

वाऱ्यावरची_वरात

आरल्वायमोळीच्या पवनचक्क्या गप्प होत्या कारण तुम्ही डिसेंबरात गेलात. तिथला वारा नैऋत्य मोसमीचा, सह्याद्रीच्या खिंडीतून घुसतो. जूननंतर जा. गाडीचं दार उघडताना दोन हात लागतात.

आणि विवेकानंद शिलास्मारक बघितलंत ना? ते उभारणारे एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. १९७० चं काम.

माणदेशी_चाक

बघितलं. बोटीच्या रांगेत अडीच तास.

हुबळीची_लेक

बाकी सगळं झालं, पण एक राहिलं. त्या वेष्टीवाल्या काकांना विचारलंत का, २००३ ला तुमच्याकडे तेच आले होते का?

माणदेशी_चाक

विचारलं. त्यांनी हात हवेत उडवला. हजारो बोअरी मारल्या, कुठली कुठली आठवणार. त्या वर्षी सातारा-सांगलीकडेच होते, एवढं म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं. जमिनीकडे बोट, मग बोट वर, आणि "पाणी?" हा शब्द चक्क मराठीत. मी काही बोलायच्या आत आई गाडीतून खाली उतरली. म्हणाली, "सांग त्याला, चारशे दहा फूट मारली, फुफाटा निघाला नुसता. पैसं मातूर पुरं घेतलं." हे कसं सांगायचं मला सुचेना. मी चार बोटं दाखवली, मग मूठ उघडून फुंकर मारली.

त्यांना कळलं. टपरीवाल्याला तमिळमधे काहीतरी बोलले आणि आमच्या पाच चहांचे पैसे देऊन निघून गेले. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "पाच चहात काय फिटतंय व्हय," पण हसत होती.

फोटो रविवारी टाकतो, आत्ता चढत नाहीयेत.